बाबांचं रेकॉर्डिंग साफ करायला गेले आणि तानपुराच गायब झाला, मदत हवी

गावभागची_लेक:
नमस्कार, मी सांगलीची, गावभागात घर. बाबा ७१ वर्षांचे, आयुष्यभर भजनी मंडळात गायले, गळा अजून शाबूत आहे म्हणून ठरवलं की त्यांचे आठ-दहा अभंग घरीच नीट रेकॉर्ड करून ठेवायचे. कंडेन्सर माईक घेतला, साधा दोन चॅनलचा यूएसबी इंटरफेस घेतला, लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलं. तानपुरा घरचाच, मिरजेचा, आजोबांच्या वेळचा, तो माझी मुलगी छेडत बसते. एवढं सगळं करून ऐकते तर मागे सारखं घूंऽऽ चालू. फॅन बंद केला, फ्रीज बंद केला, तरी आहेच. मग यूट्यूबवर बघून नॉइज रिडक्शन मारलं, म्हणजे बाबांनी तोंड उघडायच्या आधीचे दहा सेकंद सिलेक्ट करून नॉइज प्रोफाइल (नको असलेल्या आवाजाचा नमुना) घेतलं आणि अख्ख्या ट्रॅकला लावलं. घूं गेलं पण तानपुरा पण गेला! आणि बाबा विहिरीत बसून गातायत असं वाटतंय, त्यातही सा वर थांबले की आवाज जास्तच पोकळ. नॉइज किती दाबायचा ते ६ डीबीपासून २४ पर्यंत सगळे आकडे करून बघितले. बाबांना अजून ऐकवलं नाही, ऐकवलं तर परत माईकसमोर बसायचे नाहीत. आणि हो, हेडफोनमध्ये सगळं डाव्याच कानात येतंय, ते काय प्रकरण आहे?

कराडचा_बाळू:
ताई कशाला डोकं शिणवताय, आता एआयवाली फुकट अॅप आलीत, फाईल टाकायची दोन मिनिटात काचेसारखी साफ. मी आमच्या मामाचं भाषण केलं होतं, मागचा ट्रॅक्टर पण गेला.

जवारी_मिरज:
बाळूभाऊ, मामांच्या भाषणात तानपुरा नव्हता ना 😀 ती अॅप बहुतेक बोलणं साफ करायला बनवलेली असतात, माणसाचा आवाज ठेवायचा बाकी सगळं कचरा, तिथं तानपुरा पण कचऱ्यातच जाणार आणि बाबांची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) पण चावून टाकणार.

ताई, तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. बाबांनी तोंड उघडायच्या आधीचे दहा सेकंद घेतले म्हणताय, पण तेव्हा मुलगी तानपुरा छेडतच असणार की! तानपुरा लागल्याशिवाय कोण गायला सुरू करतंय. म्हणजे तुम्ही कॉम्प्युटरला तानपुराच दाखवून सांगितलं की बाबा रे हा नॉइज आहे, आणि त्यानं इमानदारीनं काढला. ते सॉफ्टवेअर काय करतं तर आवाजाचे बारीक बारीक पट्टे पाडतं आणि प्रत्येक पट्ट्यात तुम्ही दाखवलेल्या नमुन्याच्या खाली जे काही असेल ते दाबून टाकतं. तानपुऱ्यात सा आणि प चेच सगळे उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे बारीक सूर) भरलेले. बाबा सा वर थांबले की त्यांच्या आवाजाचे उपस्वर त्याच पट्ट्यात पडतात, त्यातले बारीक बारीक तेवढे कापले जातात आणि उरतो तो पोकळ आवाज. आकडे बदलून काही व्हायचं नाही, नमुनाच चुकलाय.

आमच्या घरात तंतुवाद्याचंच काम चालतं म्हणून जरा जीव तुटतो, तारेखालचा तो दोऱ्याएवढा जीवा सरकवून जवारी (तारेची ती गुंजणारी झणक) खुलवायला माणसाचा अर्धा दिवस जातो आणि इथं एका क्लिकमध्ये साफ! मूळ फाईल आहे का आधी ते सांगा. ऑडॅसिटीत प्रोजेक्ट सेव्ह करून बंद केला की अन्डू मिळत नाही.

पुढच्या वेळी रेकॉर्ड बटण दाबलं की १५ सेकंद कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, तारेला हात नाही. नमुना तिथला घ्यायचा. आणि ६ ते ८ डीबीच्या वर जाऊ नका, थोडी खरखर राहिली तर राहूदे.

पलूसचा_वायरमन:
घूंचं मी सांगतो. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर एक मिनिट रेकॉर्ड करा. घूं गेलं तर अर्थिंगचा लोचा आहे. अजून एक खूण, चार्जिंगला असताना लॅपटॉपच्या पत्र्यावरून हळू बोट फिरवलं की झिणझिण्या येतात का, आणि माईकच्या धातूला हात लावला की घूं कमी होतंय का. गावभागातली जुनी घरं म्हणजे बऱ्याच ठिकाणी बोर्डाला तीन भोकं दिसतात पण तिसऱ्या भोकात वायरच नसतीय, नुसतं शोभेला. २०१९ च्या पुरानंतर वायरिंग बदललं असेल तर तेव्हा अर्थिंग केलंय का ते विचारा, नाहीतर वायरमनला बोलावून तपासून घ्या. चार्जरची तिसरी पिन तोडायचा सल्ला कोण देईल तर अजिबात ऐकू नका, जिवाशी खेळ आहे तो.

आपल्याकडची लाईट ५० हर्ट्झची, त्यामुळं हे घूं ५०, १००, १५० असं पटीत येतंय. नॉच फिल्टरनं, म्हणजे तेवढाच एक आकडा कापणाऱ्या फिल्टरनं, काढता येतंय.

जवारी_मिरज:
वायरमनदादा बरोबर, फक्त नॉच जपून. ताई बाबांची पट्टी कुठली, काळी एक (पेटीची पहिली काळी) असेल तर सा साधारण १३८.६ हर्ट्झ, खरज (खालचा सा) त्याच्या निम्मा म्हणजे ६९ च्या आसपास आणि पंचमाची तार १०४ ला. आता १०० वर रुंद नॉच मारला तर पंचमाचा पायाच उडाला की! फिल्टरमधला क्यू (जेवढा जास्त तेवढी फट अरुंद) ३० ठेवला तर तीन-साडेतीन हर्ट्झचीच फट पडते, तेवढं चालतं. आणि लो कट (त्या आकड्याखालचं सगळं कापणारा फिल्टर) ८० ला लावा असं सगळे व्हिडिओवाले सांगतात, ते बोलण्यासाठी ठीक आहे, इथं खरज जाईल. त्यापेक्षा चार्जर काढून गा, कसलाच फिल्टर नको.

डाव्या कानाचं सोपं आहे, माईक एक नंबरच्या भोकात आणि ट्रॅक स्टिरिओ, म्हणून उजवी बाजू रिकामी. ट्रॅकच्या मेनूत स्प्लिट स्टिरिओ टू मोनो करून रिकामा ट्रॅक उडवा, पुढच्या वेळी मोनोच निवडा.

सातारकर_काका:
घुमण्याबद्दल एक सांगतो. साताऱ्यात आमच्या खोलीत मी भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवले होते, सौ. आठवडाभर बोलली नाही आणि रस्त्यावरचे हॉर्न जसेच्या तसे. बाहेरचा आवाज थांबवायला जड भिंत लागते, ट्रेनं काय होणार. मग गावाकडच्या जुन्या वाकळा काढल्या, दोन गाणाऱ्याच्या मागे आणि एक बाजूला दोरीवर टाकली, घुमणं बरंच गेलं. जेवढी जड वाकळ तेवढं चांगलं. माईक तोंडापासून वीतभर, जरा तिरका. आणि पहाटे पाचला उठा, हे बाबांना सांगावं लागणार नाही.

गावभागची_लेक:
अपडेट देते. जवारीदादा अगदी तेच, मूळ फाईल ऐकली तर त्या दहा सेकंदात तानपुरा व्यवस्थित वाजतोय, मला तो इतका सवयीचा की शांतताच वाटली. मूळ मिळाली ती पण नशिबानं, पहिल्या दिवशी पुण्याला भावाला पाठवायला वेव्ह एक्सपोर्ट केली होती. बाबांची पट्टी काळी एकच. चार्जर काढला आणि घूं बंद, झिणझिण्या पण येतात, वायरमनला रविवारी बोलावलंय.

मग आज पहाटे परत बसलो. वाकळ आईनं दिली, वर म्हणाली धुऊन परत ठेवायची. १५ सेकंद शांत बसायचं तर १२ व्या सेकंदाला मुलगी शिंकली, परत पहिल्यापासून. पण काय सुंदर आलंय, नॉइज रिडक्शन लावायची गरजच पडली नाही, जवारी अशी ऐकू येते की बाबांनी हेडफोन काढलाच नाही. मी आपली वाट बघतेय आता कौतुक करतील. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "पंचम उतरलाय, उद्या परत करू."

जवारी_मिरज:
हवा बदलली की सूर हलतोच, पहाटे खिडकी उघडी होती का? तार लावल्यावर अर्धा तास तानपुरा त्याच खोलीत ठेवा आणि गायच्या आधी परत एकदा तारेवरचा सूर लावायचा मणी सरकवून बघा.