मदत हवी आहे: वजनाच्या ऑपरेशनआधीचे ५ आठवडे, खेड्यातल्या स्वयंपाकात कसे बसवायचे?

काळीमाती

नमस्कार मंडळी. वहिनींचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन ठरलंय. वय ३८, उंची १५६ सेंमी, वजन ११२ किलो, बीएमआय ४६. साखरेचा आजार ६ वर्षांपासून, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. नागपूरला दाखवलं, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याचं ऑपरेशन) करायचं ठरलं. तारीख ५ आठवड्यांनंतरची आहे.

शेवटचे २ आठवडे 'लिव्हर डाएट' करा म्हणून छापील कागद दिलाय. त्यावर ओट्स, ब्रोकोली, ग्रीक योगर्ट असं लिहिलंय. आमचं खेडं दारव्हा तालुक्यात, बाजार आठवड्यातून एकदा. घरात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, चून (बेसनाचं पिठलं), पालेभाजी आणि रविवारी कोंबडी, एवढं असतं. यातूनच ते कसं बसवायचं? आधीचे ३ आठवडे काय करायचं?

अजून दोन अडचणी. वहिनी दिवसाला ३-४ खर्रे (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खातात, तो कधी सोडायचा? आणि आईचं म्हणणं असं की ऑपरेशन आहे तर अंगात ताकद पाहिजे, आता चांगलंचुंगलं खाऊ घाला. तिला काय सांगू?

वाटीचमचा

आईंना काय सांगायचं तिथूनच सुरू करते, कारण चूल त्यांच्या हातात आहे.

यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पदरासारखा पसरलेला असतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तो पदर उचलून धरल्याशिवाय सर्जनला जठर दिसतच नाही. एवढ्या वजनात यकृतात चरबी भरलेली असते. ते फुगतं, जड आणि ठिसूळ होतं. उचलताना फाटलं तर रक्त येतं, जागा दिसत नाही, वेळ वाढतो, क्वचित पोट उघडावं लागतं किंवा ऑपरेशन तिथेच थांबवावं लागतं. पिठाचे आणि गोड पदार्थ कमी केले की यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा आधी संपतो. दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं, तेही निघून जातं. म्हणून २ आठवड्यांत यकृत चांगलं आकसतं. आईंना म्हणावं, ताकद प्रथिनातून येते, ती आपण रोज मोजून देणार आहोत. पुरणपोळी आणि शिरा मात्र सर्जनच्या वाटेत येऊन बसतील.

आता माप. दिवसाला ८०० ते १००० कॅलरी, प्रथिनं ६० ग्रॅमच्या आसपास, पिष्टमय १०० ग्रॅमच्या आत. ओट्स-ब्रोकोलीवाचून काही अडत नाही.

सकाळी २ उकडलेली अंडी (१२ ग्रॅम प्रथिनं) आणि १ कप बिनसाखरेचं दूध. दुपारी अर्धी भाकर म्हणजे ३० ग्रॅम पीठ, ३० ग्रॅम कच्च्या तुरीच्या डाळीचं घट्ट वरण (साडेसहा ग्रॅम), दीड वाटी पालक, मेथी किंवा अंबाडी आणि १ वाटी दही. चार वाजता लोणी काढलेलं ताक आणि मूठभर, म्हणजे २० ग्रॅम, फुटाणे. रात्री भाकर नाही, भात नाही; ३० ग्रॅम सुकी सोयाबीन वडी भिजवून भाजीत (१५ ग्रॅम), किंवा १०० ग्रॅम शिजलेली कोंबडी (२५ ग्रॅम), सोबत भाजी. दिवसभराचं तेल ३ छोटे चमचे. बेत मोडतो तो या तेलापाशीच.

आपल्याकडे गडबड होते ती तीन ठिकाणी. पहिलं, पातळ वरण. सात माणसांसाठी वाढवलेल्या वरणाच्या एका वाटीत डाळ १० ग्रॅमही नसते, म्हणजे प्रथिनं २ ग्रॅम. वहिनींसाठी डाळ शिजली की पाणी घालायच्या आधी पळीभर घट्ट गोळा बाजूला काढा. दुसरं, तर्री. कोंबडीचे तुकडे रश्शातून काढून घेतले तरी वर तरंगणारं तेल सोबत येतं. १ मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, अर्ध्या भाकरीहून थोड्या जास्तच. तुकडे आधी हळद-मीठ लावून शिजवा, त्यांचा वाटा काढा, मग बाकीच्यांना फोडणी द्या. तिसरं, दाण्याचा कूट. शेंगदाण्यात प्रथिनं असतात हे खरं, पण जवळजवळ अर्धा दाणा तेलच असतो.

चून चालेल. ३० ग्रॅम बेसनात ६ ग्रॅमवर प्रथिनं आहेत. त्या दिवशी दुपारचं वरण नको आणि तेल १ चमचाच. एकादशीला साबुदाणा अजिबात नको, तो निव्वळ पिष्ट आहे. दही, दूध, ताक यावर उपास धरा, आणि तोही शेवटच्या २ आठवड्यांत नसलेलाच बरा.

आधीचे ३ आठवडे यातलं सगळं एकदम करू नका. पहिल्या आठवड्यात चहातली साखर, बिस्किट, थंडाची बाटली बंद. दुसऱ्यात रात्रीचा भात बंद आणि अंडी किंवा वडी सुरू. तिसऱ्यात भाकर अर्धी. चौथ्याला कागदावरचा डाएट लागेल तेव्हा डोकं दुखणं, चिडचिड, मलूलपणा हे पहिले ३-४ दिवस होतं. पायरीपायरीने आलेल्या माणसाला ते कमी जाणवतं. पाणी आणि मीठ घातलेलं ताक घ्यावं. रक्तदाब असेल तर मीठ विचारून.

संत्राबाग

वरचा डाएट सुरू करण्याआधी एक काम. साखरेच्या डॉक्टरांना फोन करा, डाएटच्या पहिल्या दिवसाच्या आधी. ग्लिमेपिराइड ही गोळी तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही, साखर उतरवतेच. खाणं निम्म्यावर आणि गोळी तेवढीच, असं केलं तर पहाटे घाम, थरथर, बरळणं सुरू होतं. डोस बहुतेक कमी करतात किंवा बंद करतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा. घरी ग्लुकोमीटर हवाच. उपाशीपोटी, जेवणाआधी आणि झोपताना तपासा. ७० च्या खाली आली तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. अशा वेळी डाएट बघायचा नसतो.

पाकिटांवरची नावंही वाचून काढा. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) तर ते आवर्जून सांगा. या गोळ्या मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीतही येतात. पिष्ट कमी खाताना त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं आणि मीटरवर साखर मात्र ठीक दिसते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी त्या थांबवतात. डाएट सुरू होतानाच थांबवायच्या का, तेही विचारा.

खर्रा: आज. ६ आठवडे आधी सोडावा असं सांगितलं जातं, तुमच्याकडे ५ च आहेत. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्या नळीला वरपासून खालपर्यंत पिना मारलेल्या असतात. ती लांबलचक शिवण भरून यायला रक्तपुरवठा लागतो. कुठे भरली नाही तर तिथून गळती होते, आणि या ऑपरेशनमधलं मोठं भय तेच आहे. चघळून थुंकला तरी निकोटिन गालातून रक्तात जातंच. 'नुसती सुपारी खाते' हीही पळवाट नको.

अजून एक तपासणी घरीच करा. वहिनींना आरशासमोर तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्यांचीच ३ बोटं उभी आत जातात का बघा. वर्षानुवर्षं खर्रा-सुपारी खाणाऱ्यांचे गाल आतून कडक होतात, तोंड उघडत नाही. भूल देताना घशातून नळी घालायची असते. ३ बोटं जात नसतील तर भूलतज्ज्ञांना आधीच कळलं पाहिजे, टेबलावर झोपवल्यावर नाही. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही सांगा.

सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली नसेल तर करून घ्या. आपल्या विदर्भात तो बऱ्याच घरांत आहे, आणि वाहकाला स्वतःला काही त्रास नसल्याने कार्ड काढलेलंच नसतं. ऑपरेशनच्या वेळी पाणी कमी पडणं, अंग गार पडणं, प्राणवायू कमी होणं हे अशा रुग्णाला भारी पडू शकतं. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी १२ आणि डी जीवनसत्त्व, आणि एचबीए१सी (गेल्या ३ महिन्यांची सरासरी साखर) याही तपासण्या.

ओसरी

मनाच्या तयारीबद्दल. ऑपरेशनने जठर लहान होतं. हात, तोंड, पंगत, घरची रीत तशीच राहते. म्हणून जे नंतर करावं लागणार आहे त्याची तालीम आत्ता, पोट जुनं असतानाच करायची. आत्ता चुकलं तर काही बिघडत नाही. नंतर तीच चूक उलटी होऊन बाहेर येते.

पहिली तालीम पाण्याची, कारण सगळ्यात अवघड तीच जाते. घास आणि घोट वेगळे. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर ३० मिनिटं नाही. आपल्याकडे ताटाशेजारी तांब्या असतोच आणि कोरडी भाकर पाण्याच्या घोटाने खाली ढकलायची सवय असते. तांब्या ताटापासून उचलून खोलीबाहेर ठेवा. भाकर कोरडी लागते म्हणजे घास पुरेसा चावलेला नाही.

दुसरी, चावणं. चहाचा चमचा घ्या, घास फुटाण्याएवढा, २५ वेळा चावून. तोंडात पेज झाली की गिळायचा आणि चमचा खाली ठेवायचा. पुढचा घास गिळून झाल्यावरच. एका जेवणाला २० ते ३० मिनिटं लागली पाहिजेत. जेवताना मोबाइल आणि मालिका बंद. स्लीव्हनंतर 'पुरे' ही खूण वेगळी येते: छातीच्या हाडामागे दाब, उचकी, कुणाकुणाचं नाक वाहतं. त्यानंतरचा एक घासही जास्तीचा असतो.

तिसरं, ७ दिवस वही. वेळ, काय, किती, कुठे बसून, आणि त्याच्या आधी काय घडलं. शेवटचा रकाना गाळू नका. पोटाची भूक हळूहळू चढते आणि साध्या वरणानेही भागते. मनाची भूक एकदम उसळते आणि तिला ठरावीकच पदार्थ लागतो. वही पाहिली की दिसतं: वाद झाला की चिवडा, दुपारी एकटं असलं की गूळ-शेंगदाणे.

आणि एक गोष्ट जी वहीत कधीच लिहिली जात नाही. घरची बाई शेवटी जेवते आणि वाया जाऊ नये म्हणून पातेल्यातला भात, मुलांच्या ताटातली अर्धी पोळी, गंजातलं वरण पुसून खाते. ते 'जेवण' म्हणून मोजलंच जात नाही. आईंना हेच काम सांगा: वहिनींचं ताट सगळ्यात आधी वाढायचं, झाकून ठेवायचं, आणि उरलेलं अन्न गाईला किंवा दुसऱ्या दिवशी फोडणीला. घरच्यांचा आधार म्हणतात तो एवढ्यातच असतो.

'आता शेवटचंच खाऊन घे' असं म्हणून तारखेआधी रोज काहीतरी करून घालतात, ते थांबवा. त्यातून मनात असं बसतं की पुढे शिक्षा आहे. पंगतीतल्या आग्रहाला एकच वाक्य पाठ करून ठेवावं: 'डॉक्टरांनी मापून दिलंय, पोटात दुखतं.' वाद घालायचा नाही, ताटावर हात आडवा धरायचा.

अपेक्षाही आधीच बोलून घ्या. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के उतरतं. ११२ किलोचे ७८ ते ८४ होतील, ५५ नाही. भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, ज्या भागात जास्त तयार होतं तोच भाग काढल्याने पहिले काही महिने भूक मंद असते, मग ती बरीचशी परत येते. सवयी त्या मधल्या काळात पक्क्या व्हायला हव्यात. ३ ते ६ महिन्यांत केस गळतात. ते परत येतात, पण आधी माहीत नसलं की बाई घाबरते. लपून खाणं, रात्री उठून खाणं, खाणं सुरू झालं की हात न थांबणं असं काही असेल तर टीममधल्या मानसोपचारतज्ज्ञांना सांगा. त्यामुळे सहसा नकार मिळत नाही, आधी त्यावर उपचार करतात.

काळीमाती

फार उपकार झाले. दोन राहिलेच. तारीख एप्रिलमध्ये आहे, म्हणजे परत येतील तेव्हा आमच्याकडे ४४-४५ अंश. पाणी कसं पुरवायचं? आणि गावात आल्यावर काही झालं तर इथे साधा दवाखाना आहे, सलाईन लावतात तेवढंच.

संत्राबाग

रोज दीड ते २ लिटर जायला हवं आणि एका वेळी घोटच जाणार, म्हणून घड्याळ लावून प्यावं लागतं. औषधाच्या बाटलीचं ३० मिलीचं झाकण घ्या, दर १० मिनिटांनी एक. तासाला १८० मिली होतात. माठाचं पाणी, निवळ ताक, बिनसाखरेचं लिंबूपाणी चालेल. उसाचा रस आणि सोडा नको. लघवी गडद झाली की कमी पडतंय असं समजा. डॉक्टर सोडतील त्याच दिवशी गावी येऊ नका, शक्य असेल तर पहिला आठवडा नागपुरातच काढा. प्रवासात दर तासाला उतरून ५ मिनिटं चालावं, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. ४ ते ६ आठवडे पाण्याची घागर, सरपणाचा भारा उचलायचा नाही.

ताप, नाडी १२० च्या वर, पोटात वाढतं दुखणं, डाव्या खांद्यात कळ, धाप: यातलं काहीही झालं तर गावात थांबायचं नाही, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे निघायचं.

फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात दोन ओळी लिहून घ्या, गावच्या डॉक्टरांसाठी. एक: 'वारंवार उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिनचं इंजेक्शन द्यावं.' थायमिन म्हणजे बी १ जीवनसत्त्व; उलट्यांनी ते संपतं, आणि त्यात नुसतं ग्लुकोज गेलं की मेंदूवर परिणाम होतो; एकाचे दोन दिसतात, चाल लडखडते. दोन: 'दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन सर्जनला विचारल्याशिवाय नको.'

वाटीचमचा

एक राहिलं. वाटी मोजा. मी दिलेलं माप १५० मिलीच्या वाटीचं आहे.

काळीमाती

आत्ताच औषधाच्या झाकणाने मोजली. ८ झाकणं मावली, म्हणजे २४० मिली. खर्र्याची पुडी आईनेच चुलीत टाकली.

वाटीचमचा

मग ती वाटी पालेभाजीला ठेवा. दह्यासाठी त्याच वाटीत ५ झाकणं पाणी ओता, जिथपर्यंत येईल तिथे आतून खिळ्याने खूण करा.