वडिलांचा जुना आल्टो सॅक्सोफोन वाजता करायचा आहे

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये वाजवत असलेला आल्टो सॅक्सोफोन वीस वर्षे माळ्यावर पडून आहे. वरचे स्वर कसेबसे निघतात, मात्र खालचा सा लावला की नुसती हवा जाते. पितळ काळवंडले आहे. आधी पॉलिश करून घ्यावे का?

उत्तर १ : कृपया पॉलिश मुळीच करू नका. चकचकीत करण्याच्या चाकावर धातू झिजतो, कोरलेली नक्षी पुसट होते आणि स्वरात काडीचाही फरक पडत नाही. आपल्या वाद्यातला दोष बहुधा पॅडचा, म्हणजे छिद्र झाकणाऱ्या झडपेखालच्या गादीचा आहे. खालच्या स्वरांसाठी वरची जवळजवळ सर्व छिद्रे बंद राहावी लागतात. त्यामुळे चामड्याचे एखादे पॅड आपल्या दमट पावसाळ्यात कडक होऊन फाटले, तरी तेथून हवा सुटते आणि खालचे स्वर प्रथम जातात. अंधाऱ्या खोलीत नळीत छोटा दिवा सोडून झडपा अलगद मिटा; जेथून प्रकाश झिरपेल, तेथे गळती आहे.

उत्तर २ : पॅड बदलण्यापूर्वी वाकलेल्या झडपा सरळ करून घ्याव्यात, अन्यथा नवे पॅडही बसणार नाहीत. पॅड चपडा लाखेनेच चिकटवावेत, कारण ती ऊब दिल्यावर मऊ होते व पॅड पुन्हा नीट बसवता येते. मानेवरचा, म्हणजे तोंडात धरायचा भाग जिथे बसतो त्या वाकड्या नळीवरचा, कॉर्कही बदला.

प्रश्नकर्ता : दिवा लावून पाहिला. जी शार्प या स्वराच्या झडपेखाली स्पष्ट उजेड दिसला. आभारी आहे.