अजरखपूरहून गोधडीसाठी कापड: किती आणि कसं घ्यावं?

प्रश्न: कच्छमधल्या भुजला जातोय, जवळच्या अजरखपूर गावातून अजरख (लाकडी ठशांनी छापलेलं कच्छी कापड) घ्यायचंय. पाच बाय सात फुटी गोधडीच्या वरच्या थराला अजरख किती लागेल? रंग जातो का?

उत्तर १: ४४ इंची पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर ४ मीटर. सहा इंची तुकडे धरले तर शिवणीत आणि आटण्यात पाऊण-एक मीटर जातंच. अर्धा-अर्धा मीटरचे आठ प्रकार घ्या. पाव मीटरात मोठी नक्षी अर्धवट कापली जाते.

उत्तर २: सुतीच मागा. मोडाल (लाकडाच्या लगद्यापासूनचं मऊ, चमकदार कापड) सुंदर दिसतं, पण सुईखाली सटकतं. दुकानातच ओला पांढरा रुमाल घासून बघा. निळीचा (इंडिगोचा) थोडा रंग उतरणारच. लाल उतरला तर ते कापड सोडा.

उत्तर ३: शिवण्याआधी प्रत्येक रंग वेगळा धुवा, पाणी नितळ होईपर्यंत. मिठाने नीळ पक्की होत नाही. आतल्या जुन्या साड्या आधीच आटलेल्या असतात; कोरं अजरख तसंच लावलंत तर पहिल्याच धुण्यात वरचा थर आखडतो.