मदत हवी आहे: सांतो तोमास ते सान साल्वादोर, ४० फुटी कंटेनर रस्त्याने

नमस्कार मंडळी. न्हावा शेव्याहून स्टील पाइपचा कंटेनर ग्वाटेमालाच्या सांतो तोमास दे कास्तिया बंदरात उतरणार आहे. तिथून अंगियातू सीमेवरून ट्रेलरने एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोर. माल २४ टन, रिकामा कंटेनर पावणेचार, ट्रॅक्टर (पुढची ओढणारी गाडी) आणि चॅसी (कंटेनर ठेवायचा मागचा सांगाडा) मिळून साडेअकराच्या आसपास. म्हणजे ३९ टनांच्या वर. मध्य अमेरिकेच्या प्रादेशिक नियमात पाच अ‍ॅक्सलच्या टी३-एस२ ला (ट्रॅक्टरचे तीन, चॅसीचे दोन) एकूण ३७ टन चालतात, सहा अ‍ॅक्सलच्या टी३-एस३ ला (चॅसीचेही तीन) ४१. दर मात्र सगळे पाच अ‍ॅक्सलचेच येताहेत! स्वस्त दिसतात, पण वजनकाट्यावर गाडी अडली की डिटेन्शन (उशिराचा आकार) आपल्याच डोक्यावर.

तीन अ‍ॅक्सलची चॅसी तिथे ऐनवेळी मिळते, की जहाज लागण्याआधीच बुक करावी लागते?

रिकामा डबा सान साल्वादोरलाच जमा होईल, असं शिपिंग लाइनकडून बुकिंगच्या वेळीच लेखी घ्यावं का? नाहीतर परतीचं भाडंही आलं.

एक एजंट बंदरातच माल कंटेनरमधून काढून उघड्या ट्रेलरवर चढवा म्हणतो. डबा लगेच सुटेल, कबूल. पण डुका-टीवर (मध्य अमेरिकेतल्या ट्रान्झिटचं कस्टम्स घोषणापत्र) सील क्रमांक जुळावा लागतो. उघड्या ट्रेलरला सील मारणार कुठे? ताडपत्री आणि केबल सील तिथल्या कस्टम्सला चालतं का?