चुलीच्या धुराचं काय?

हवा बिघडली ती शहरांची, गावाकडे अजून मोकळा श्वास घेता येतो, असं बरेच जण म्हणतात. अंगणापुरतं ते खरं असेल, स्वयंपाकघरापुरतं अजिबात नाही. माझ्या आईने यवतमाळकडच्या आमच्या घरात तीसेक वर्षं चुलीवर रांधलं. कापूस निघाला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून रचून ठेवायच्या आणि वर्षभर त्याच जाळायच्या. पावसाळ्यात त्या ओलसर झाल्या की फुंकणी फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे. तिने कधी विडीला हात लावला नाही. तरी साठीत दम लागू लागला, नळीत फुंकायची तपासणी केली आणि सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चूल किती वर्षं?"

पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे हवेतले अतिसूक्ष्म कण; त्यांच्यासाठी आपल्याकडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. बंद खोलीत चूल पेटली की आकडा शेकड्यांत जातो. गरीब घरांतल्या बायकांना गॅसजोडणी देणाऱ्या २०१६च्या उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी घरोघरी पोचवली, हे मोठंच काम झालं. पण आमच्या गल्लीत कित्येक घरी गॅस फक्त चहाला आणि पाहुण्यांना, भाकरी अजून चुलीवरच. अनुदान टाकी घेतल्यावर खात्यात येतं, पैसे मात्र आधी पूर्ण मोजावे लागतात, आणि पेरणीच्या दिवसांत ते हातात नसतात. अनुदान वजा करूनच टाकी दिली, तर निदान जून-जुलैत, लाकूड सगळ्यात ओलं असतं तेव्हा, चुली विझतील.