शहरांचं शहरं बघतील, राज्याचा कायदा कशाला म्हणे!

तर्कटराव
काल इथे कुणीतरी लिहिलं, "सोलर, ईव्ही वगैरे ज्या त्या शहराने बघावं, राज्याने कायद्याचा दांडका उगारू नये." वाचून डोकंच फिरलं. अहो, लाख-दोन लाख वस्तीच्या शहराच्या हातात असतं काय? तारा वीज कंपनीच्या, विजेचे दर नियामक आयोग ठरवणार, बांधकामाचे नियम बहुतेक वरून आलेले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने २०१९ मध्ये नव्या इमारतींत गॅसची पाइपलाइन नको म्हणून ठराव केला, रेस्टॉरंटवाले कोर्टात गेले आणि २०२३ मध्ये अपिलात ठराव उडाला. करा आता आपापलं!

जुनं खोड
हे वाक्य माझंच, आणि उदाहरण तुमच्याच अंगाशी आलंय. बर्कलीचा ठराव उडाला तो केंद्राच्या १९७५ च्या कायद्यामुळे, राज्याने केला असता तरी तिथेच अडकला असता. आणि राज्य म्हणजे हिरवंच असणार हे कुणी सांगितलं? तिथल्याच ॲरिझोना राज्याने २०२० मध्ये उलटा कायदा केला, शहरांनी गॅसवर बंदी घालायचीच नाही. व्हरमाँट राज्यातलं बर्लिंग्टन शहर २०१४ पासून वीज अक्षय स्रोतांचीच घेतं, कुणाचा दांडका होता?

तर्कटराव
बर्लिंग्टनची वीज कंपनी शहराच्या मालकीची आहे हो, ते सोयीस्कर गाळलंत! ज्यांची नाही त्यांनी काय करायचं? मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९७ मध्ये कायदा केला म्हणून तिथली शहरं रहिवाशांसाठी एकगठ्ठा वीज खरेदी करू शकतात.

खालचा मजला
दोघेही जरा मीटरच्या खोलीत या. आमच्या इमारतीत दोन चार्जर हवे होते, मंजूर भार वाढवायचा अर्ज केला, आठ महिने नुसत्या चकरा, मग उत्तर आलं की ट्रान्सफॉर्मर बदलावा लागेल, खर्च तुमचा. वायरमनने पॅनल उघडलं तर एका फेजच्या वायरचं इन्सुलेशन काळं पडलेलं, टेस्टर लावला तर भुकटी गळली. यावर कायदा काय करणार, फुंकर घालणार?

फेजबदलू
दोन गाड्यांना ट्रान्सफॉर्मर?? लोड मॅनेजमेंटवाला, म्हणजे भार आपोआप कमी-जास्त करणारा चार्जर घ्या, रात्री आलटून-पालटून चार्ज करा. उगाच रडारड.

खालचा मजला
वायर जळालीय म्हणतोय मी! आधी नीट वाचा, मग अक्कल शिकवा.

बिऱ्हाड पाठीवर
तुमची भांडणं घरमालकांची. मी भाडेकरू, छत माझं नाही, पार्किंग माझं नाही, सबसिडी मालकाला आणि बिल मला. यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

जुनं खोड
मी तेच म्हणतोय, कायदा येतो, पैसे येत नाहीत.

तर्कटराव
म्हणजे पैशासकट आला तर चालेल? मग भांडताय कशाला? बरं, बर्कली मागे घेतो, ते चुकलं.

जुनं खोड
उपकार झाले. ट्रान्सफॉर्मरचा खर्च कुणाचा आणि भाडेकरूला काय मिळणार, हे कलमात लिहा, मग बघू. तोवर दांडकाच म्हणणार.

खालचा मजला
फेजबदलू, चिडलो त्याबद्दल सॉरी. ते लोड मॅनेजमेंट सिंगल फेजवर चालतं का?