मदत हवी आहे : कोडीचे बिल्ड यशस्वी होते, पण रास्पबेरी पाय 3 वर हार्डवेअर डिकोडिंग नाहीसे होते

नमस्कार,

आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात आणि आणखी तीन ठिकाणी मिळून चार रास्पबेरी पाय 3, म्हणजे तळहातावर मावणारे छोटे संगणक, मी हौसेने सांभाळतो. प्रत्येकाला टीव्ही आणि यूएसबीवर चालणारा उपग्रह रिसीव्हर जोडलेला आहे. डीडी फ्री डिशवरचे सह्याद्री वाहिनीचे कार्यक्रम टीव्हीहेडएंड हे सॉफ्टवेअर रेकॉर्ड करून ठेवते आणि दुपारी मंडळी जमली की कोडी या मीडिया प्लेअरवर ते लावले जातात. केंद्रातल्याच भजनांचे आणि कार्यक्रमांचे मोबाइलवर घेतलेले 1080 रेषांचे व्हिडिओही तिथेच पाहिले जातात.

आजवर सगळीकडे कोडी 18 होते आणि एकही तक्रार नव्हती. मात्र 2021 मध्ये आलेल्या कोडी 19 पासून अ‍ॅड-ऑन (कोडीला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) पायथन 3 वर गेले आणि 18 साठी लिहिलेली अ‍ॅड-ऑन एकेक करून बंद पडत गेली, त्यामुळे मी चारही यंत्रांवर कोडी 21 आणायचे ठरवले. अडचण तिथूनच सुरू झाली. कोडी 18 मध्ये रास्पबेरी पायसाठी स्वतंत्र प्लॅटफॉर्म होता आणि व्हिडिओ उलगडण्याचे काम एमएमएएल या पायच्या खास मार्गाने थेट ग्राफिक्स चिपकडे जात असे. कोडी 19 मध्ये तो प्लॅटफॉर्म काढून टाकला गेला आणि पायसुद्धा इतर बोर्डांप्रमाणे जीबीएम, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) डीआरएम (चित्र दाखवणे) आणि व्ही4एल2 (व्हिडिओ उलगडणे) या सर्वसाधारण मार्गाने चालू लागला. हा निर्णय मला मनापासून पटतो. एका बोर्डासाठी वेगळा कोड वर्षानुवर्षे जपायचा, तर त्याच बोर्डाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस कायम हाताशी लागतो, आणि असा माणूस दमला किंवा नोकरीधंद्यात अडकला की तो कोड अनाथ होतो. परंतु जुन्या मार्गावर जे आपोआप मिळत होते, ते नव्या मार्गावर बिल्ड करणाऱ्याने, म्हणजे मूळ कोडमधून प्रोग्रॅम तयार करणाऱ्याने, स्वतः नीट जोडून घ्यावे लागते, आणि नेमके तिथेच माझे काहीतरी चुकते आहे.

पाय 3 मध्ये 1 जीबीच मेमरी असल्यामुळे मी लॅपटॉपवर क्रॉस-कंपाइल करतो, म्हणजे पायवर चालणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर तयार करतो. कंपायलर नवा घेतला, पण सिसरूट, म्हणजे लक्ष्य यंत्रावरच्या लायब्ररी आणि हेडर यांची प्रत, पूर्वीपासून वापरात असलेलीच ठेवली. बिल्ड एकाही त्रुटीशिवाय पूर्ण होते आणि कोडी सुरूही होते. भजनाचा व्हिडिओ लावला की मात्र चारही कोअर शंभर टक्क्यांवर जातात, दहा-बारा मिनिटांत तापमान 80 अंशांच्या वर चढते आणि चित्र अडखळू लागते. सह्याद्रीची रेकॉर्डिंग अडखळत नाहीत, पण ती इंटरलेस्ड (एकाआड एक रेषांनी चित्र बनवणारी) असल्यामुळे तबलजीच्या बोटांच्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा उमटतात. एका आजोबांनी मला हाताला धरून टीव्हीजवळ नेले आणि त्या रेघा बोटाने दाखवल्या. कोडी 18 वर त्या कधीच दिसल्या नव्हत्या.

कोडी व्हिडिओ उलगडण्यासाठी वापरते त्या एफएफएमपेग लायब्ररीकडे उपलब्ध डिकोडरांची यादी मागितली, तर एच264 या व्हिडिओ प्रकाराचा व्ही4एल2 डिकोडर त्यात मुळी नाहीच. म्हणजे कॉन्फिगरच्या, बिल्डपूर्वीच्या तपासणीच्या, टप्प्यावरच तो वगळला गेला असावा. हजारो ओळींच्या लॉगमध्ये त्याबद्दल कुठेही इशारा नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. आज हे डोळ्यांना दिसले म्हणून कळले. उद्या याच पद्धतीने आणखी काही गळाले, तर ते कळणार कसे?

लिब्रेइलेक (कोडी चालवण्यासाठीच बनवलेली तयार लिनक्स प्रणाली) वापरा, असे कोणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. त्यांच्या नव्या आवृत्त्यांमध्ये पाय 3 चा आधार आहे आणि त्यांचे काम उत्तमच आहे. परंतु माझ्या रिसीव्हरचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नाही, तो मला वेगळा कंपाइल करावा लागतो, आणि लिब्रेइलेकची मूळ फाइल सिस्टिम केवळ वाचनीय असल्यामुळे त्यासाठी संपूर्ण इमेज स्वतः तयार करावी लागेल.

तेव्हा मला मुख्यतः हे विचारायचे आहे, की यंत्राचा आधार देणारा एखादा भाग सापडला नाही तर बिल्डने तिथल्या तिथे थांबावे, अशी व्यवस्था कशी करावी? आणि डीइंटरलेसिंगचा, म्हणजे त्या आडव्या रेघा घालवण्याचा, प्रश्न याच चुकीतून आला आहे, की त्याचे कारण वेगळे आहे?

प्रतिसाद

तुमचा संशय बरोबर आहे. एफएफएमपेगचे कॉन्फिगर व्ही4एल2 चा आधार आपण होऊन शोधते. त्यासाठी ते सिसरूटमधल्या कर्नल हेडरवर एक लहानसा तुकडा कंपाइल करून पाहते आणि हेडर जुनी असतील तर तो भाग मुकाट्याने बंद करून पुढे जाते. मात्र तोच पर्याय तुम्ही स्वतः स्पष्टपणे सुरू केलात, तर तीच उणीव त्रुटी ठरते आणि कॉन्फिगर तिथेच थांबते. म्हणून आपोआप शोधणे पूर्णपणे बंद करण्याचा पर्याय द्या आणि तुम्हाला हवे ते एकेक नावाने सुरू करा. यादी लांबेल, पण तुमचे बिल्ड कशावर उभे आहे हे त्या यादीत कायमचे लिहिलेले राहील.

सिसरूट जुन्या प्रतीवरून न घेता चालू असलेल्या पायवरून आरसिंक या फाइल कॉपी करण्याच्या साधनाने उतरवून घ्या. लायब्ररी शोधून देणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला शोधाचा मार्ग सांगताना 'पाथ' हे चल न वापरता 'लिबडीर' वापरा, कारण पहिल्याने मूळ मार्गांत केवळ भर पडते आणि लॅपटॉपवरच्या लायब्ररी चुकून उचलल्या जाण्याची शक्यता राहते. सीमेक हे बिल्डचे साधन आधीच्या तपासण्यांचे निकाल साठवून ठेवते, त्यामुळे हे बदल केल्यावर नव्या, रिकाम्या फोल्डरमध्येच बिल्ड करा.

डीइंटरलेसिंगचे कारण वेगळे आहे. पायच्या चिपवर ते काम करणारा फिल्टर मूळ एफएफएमपेगमध्ये नाही. तो एफएफएमपेगच्या रास्पबेरी पायसाठी केलेल्या वेगळ्या शाखेत आहे. कोडी 21 ला एफएफएमपेग 6 लागते, म्हणून शाखाही त्याच आवृत्तीची निवडा, ती वेगळी कंपाइल करा आणि कोडीला तीच वापरायला सांगा. आणखी एक गोष्ट पाहा : जुन्या मांडणीत ग्राफिक्ससाठी बरीच मेमरी राखून ठेवण्याची पद्धत होती, तर नव्या मार्गाला सीएमए, म्हणजे कर्नलने राखलेली सलग मेमरी, लागते. जुनी नोंद तशीच राहिली असेल, तर 1 जीबीमध्ये दोघांना पुरणार नाही.

रिसीव्हरचा ड्रायव्हर डीकेएमएसमध्ये नोंदवून ठेवा, म्हणजे कर्नल बदलला की तो आपोआप पुन्हा कंपाइल होईल.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे आपोआप शोधणे बंद केले आणि जुन्याच सिसरूटवर मुद्दाम एकदा बिल्ड चालवून पाहिले, तर कॉन्फिगर पहिल्याच मिनिटाला थांबले. नवा सिसरूट उतरवल्यावर डिकोडर यादीत आला आणि भजनाचा व्हिडिओ तासभर न अडखळता चालला. मेमरीची जुनी नोंद खरोखरच तशीच राहिली होती; ती काढली. आता बिल्डच्या शेवटी डिकोडर आणि फिल्टर यांची नावे तपासणारी छोटी स्क्रिप्टही जोडली आहे. एखादे नाव सापडले नाही, तर पॅकेज तयारच होत नाही.

पायच्या शाखेतला फिल्टर लावून रेघाही गेल्या आहेत, पण सध्या एकाच यंत्रावर. उरलेला प्रश्न एमपेग-2 या जुन्या व्हिडिओ प्रकाराचा आहे. फ्री डिशवरच्या अनेक वाहिन्या आजही त्यात येतात, आणि पाय 3 वर ते हार्डवेअरने उलगडण्यासाठी चिपच्या अनुक्रमांकाला बांधलेले परवाना कोड मी पूर्वी चारही यंत्रांसाठी विकत घेतले होते. एसडी चित्र प्रोसेसरलाही सहज झेपते, हे मी तपासले आहे. मग हे कोड नव्या मार्गावरही वापरत राहावेत, की एमपेग-2 प्रोसेसरवरच सोपवून बिल्डमधली एक गुंतागुंत कमी करावी? पाय 4 मध्ये एमपेग-2 चे हार्डवेअर डिकोडिंग नाही, त्यामुळे पुढे यंत्रे बदलावी लागतील हे धरून माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. ज्यांनी पाय 3 वर इंटरलेस्ड एमपेग-2 दोन्ही प्रकारे चालवून पाहिले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव लिहावा, कारण उरलेल्या तीन यंत्रांना मी त्यानंतरच हात लावणार आहे.